डावी मिशी

चॅम्पियनसाहेब डोळे मिटून खुर्चीत बसले, तेव्हा सलूनवाल्याने मनातल्या मनात आधी हात जोडले ते आपल्या आरशाला. भिंतभर आरसा, वडिलांच्या वेळचा. आणि बुद्धिबळातला हा जगज्जेता चिडला की हाताला येईल ते समोर फेकतो, हे शहरभर माहीत झालं होतं. सकाळीच क्लबच्या कॅन्टीनमध्ये चहा गार आला म्हणून त्यांनी कप वेटरच्या अंगावर फेकला होता. वेटर भाजला नाही, कारण चहा खरोखरच गार होता.

"मग? वेटर काय बोलला?" सलूनवाल्याने कुजबुजत विचारलं.

"काय बोलणार? त्यालाच माफी मागायला लावली," साहेबांबरोबर आलेले क्लबचे चिटणीस त्याहून हळू म्हणाले. "अहो, एवढा मोठा कलावंत! चालायचंच. तुम्ही मुकाट्याने मिशी कोरा. संध्याकाळी सामना आहे, डोक्यात डाव चालू आहे त्यांच्या."

सलूनवाल्याचा हात स्थिर होता. उजवी बाजू सुरेख झाली. डावीला वस्तरा टेकला आणि चॅम्पियनसाहेब एकदम ओरडले, "सापडली! घोडा मागे!" मान हलली. डावी मिशी टॉवेलवर पडली.

साहेबांचे डोळे अजून मिटलेलेच होते. चिटणिसांनी मिशी उचलून जिथल्या तिथे ठेवून पाहिली. ती काही राहिना.

"चिकटवा की काहीतरी लावून!"

"पाकीट आहे का ते?"

"मग आरसा तरी झाका!"

सलूनवाल्याने टॉवेल टाकला. भिंतभर आरशाला हातभर टॉवेल. नेमकं झाकायचं तेवढं सोडून तो भलतीकडेच लोंबकळला.

चॅम्पियनसाहेबांनी डोळे उघडले. डावा हात ओठावर फिरला, उजव्याने लोशनची बाटली उचलली आणि आरशावर नेम धरला. सलूनवाल्याने डोळे गच्च मिटले.  चिटणिसांच्या तोंडात इतकी वर्षं बसलेलं एकच वाक्य कसंबसं बाहेर पडलं.

"साहेब, एवढा मोठा कलावंत आहे हा! चालायचंच!"

बाटली हवेतच थांबली. हे वाक्य दुसऱ्या कुणाबद्दल साहेबांनी कधी ऐकलंच नव्हतं. बराच वेळ विचार केला, पण यावर चाल सुचेना.

"माफ करा," ते शेवटी म्हणाले, "मीच मान हलवली." आणि बाटली ठेवून गुपचूप टेकून बसले.

सलूनवाल्याने एक डोळा उघडला. आरसा शाबूत होता. त्याने वस्तरा पुसला, उजव्या मिशीला लावला आणि चिटणिसांकडे न बघताच म्हणाला, "चहा आणा. गार आला तर कप कुणाच्या अंगावर जाईल, सांगता येत नाही."

चिटणीस धावतच कॅन्टीनकडे सुटले.