तिसरी पिढी फक्त खाते

आडनावाच्या शेवटी 'सन' असलेला माणूस दिसला की गजभिये काका त्याला सोडत नसत. मिनेसोटात हे जरा अवघडच होतं, कारण तिथे दर दुसऱ्या माणसाच्या आडनावाला 'सन' लागलेलं असतं. आमच्या ईडन प्रेरीच्या घरी एकदा सिंक तुंबलं म्हणून प्लंबर बोलावला. त्याच्या शर्टावर 'अँडरसन' लिहिलेलं होतं आणि नेमके काका चहाला आलेले होते. प्लंबर सिंकखाली उताणा, फक्त पाय बाहेर, आणि काका त्या पायांशी वाकून इंग्रजीत विचारताहेत, "तुमचे पूर्वज नॉर्वेतल्या कोणत्या खोऱ्यातले?"

आतून आवाज आला, "ब्लूमिंग्टन, सर."

ब्लूमिंग्टन म्हणजे आमच्या शेजारचं उपनगर. काकांनी माझ्याकडे बघून खेदानं मान हलवली. "पाहिलं, पोरी? याचं गेलं सगळं."

काका मूळचे नागपूरचे. सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून अमेरिकेत आले आणि पूल बांधत रिटायर झाले. कुसुमकाकू गेल्या, त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी विद्यापीठात नाव घातलं. विषय: नॉर्डिक संस्कृती, वारसा आणि अस्मिता. वर्गात सगळी पिवळ्या केसांची विशीतली मुलं आणि पहिल्या बाकावर स्वेटर, मफलर, कानटोपी अशा पूर्ण बंदोबस्तात आमचे काका.

महाराष्ट्र मंडळाला जेवणानंतर चघळायला आयता विषय मिळाला. एक डॉक्टर म्हणाले, "अहो गजभिये, आपल्या संस्कृतीचा अभ्यास करा की!"

"आपली म्हणजे कोणती? ते तुमचं-माझं आधी ठरू द्या," काका शांतपणे म्हणाले. डॉक्टर श्रीखंडाकडे वळले.

माझं ऑफिस मिनियापोलिसला, विद्यापीठाजवळ. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बर्फात ड्राइव्ह करायला डॉक्टरांनी काकांना मनाई केली होती, म्हणून वर्ग सुटला की मी त्यांना पिकअप करत असे. त्यामुळे त्या वर्गाला न जाता माझाही अर्धा कोर्स झाला. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं नव्हती, हे मला तिथेच कळलं. काकांच्या शेजाऱ्यालाही कळलं. तो बिचारा 'व्हायकिंग्ज' या इथल्या टीमची फुटबॉल मॅच बघायला प्लास्टिकची शिंगं लावून निघाला होता. काकांनी ड्राइव्हवेमध्येच त्याला पुरावे ऐकवले. शेवटी त्यानं ती टोपी काढून हातात धरली.

चुकीचं काही खपवून घेणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पुलाचा बोल्ट असो, नाहीतर दुसऱ्याच्या आजीचा स्वेटर. "हे डिझाइन तुमच्या भागातलं नाही," असं ते लिफ्टमधल्या अनोळखी बाईलाही सांगत.

"पण काका, तुम्हाला काय करायचंय त्यांच्या आजीचं?" एकदा मी गाडीत विचारलंच.

"हे बघ, यांना इथं येऊन शंभर वर्षं झाली. आपल्याला झाली पन्नास. शंभर वर्षांनी काय उरते, ते पाहून राहिलो." मग त्या दिवशी वर्गात काय झालं ते त्यांनी सांगितलं. घरात नॉर्वेचं काय शिल्लक आहे, असं प्रोफेसरबाईंनी सगळ्यांना विचारलं होतं. भाषा कुणालाच येत नव्हती. गावाचं नाव एकाला माहीत होतं, तेही चुकीचं. पण लेफ्सा मात्र प्रत्येकाच्या घरी होत होती. लेफ्सा म्हणजे उकडलेला बटाटा आणि मैद्याची पातळ, मोठी पोळी. लोणी-साखर लावायची आणि गुंडाळून खायची. "पहिली पिढी बोलते. दुसरीला समजते. तिसरी पिढी फक्त खाते," काका म्हणाले.

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे ते प्लंबरपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं.

पाद्री मध्येच आला, कारण काका लेफ्सा शिकायला चर्चच्या तळघरात जाऊ लागले होते. तिथे डोरिस नावाच्या आजीबाईंचं राज्य होतं. काकांनी पहिल्याच दिवशी खुलासा केला, "मी बौद्ध आहे. देवासाठी नाही आलो, पोळीसाठी आलो."

"इथले बरेचजण कॉफीसाठी येतात," डोरिस म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातात लाटणं दिलं.

ते लाटणं खाचांचं, तवा विजेचा, गोल, परातीएवढा. पोळी उलटायला लांब चपटी काठी. काकांनी आयुष्यात पोळपाटाला हात लावला नव्हता. सुरुवातीला त्यांच्या लेफ्साला पोळीपेक्षा भोकंच जास्त असत. पण दर शनिवारी जात राहिले. हिवाळा संपेपर्यंत डोरिस त्यांच्या लेफ्सा विक्रीच्या टेबलावर ठेवू लागली.

मार्चमध्ये गाडीत त्यांनी एकदम विचारलं, "पोरी, तुला लंबी रोटी येते का?"

मी पुण्याची. मी फक्त नाव ऐकलं होतं. कणीक अगदी सैल भिजवायची, दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायची. नागपूरकडच्या बायकांचं कसब. कुसुमकाकूंनी साड्यांत गुंडाळून तसलं मडकं अमेरिकेत आणलं होतं. दरवर्षी चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, त्या लंबी रोटी करत. त्या गेल्यावर मडकं गॅरेजमध्ये राहिलं आणि पहिल्याच थंडीत तडकलं.

"अलका शिकली नाही?"

अलका त्यांची मुलगी. डुलुथला असते, नवरा एरिक नॉर्वेजियन वंशाचा. त्यांना पाच वर्षांची सुजाता.

"अलकाला अभ्यास होता. आणि मी टेबलावर बसून 'आण अजून' म्हणत होतो. बस. एकदा उठून पाहिलं नाही, ती कशी करते ते." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "तिसरी पिढी फक्त खाते म्हणतो मी. सुजाता काय खाईल, सांग? तिच्या बापाकडची लेफ्सा आहे. आपल्याकडचं मी काय देऊ?"

तो सगळा कोर्स, ती खोरी, ते स्वेटर कशासाठी होते, ते मला तेव्हा समजलं.

जयंतीला अलका येणार होती. काकांनी नर्सरीतून मातीची कुंडी आणली आणि बार्बेक्यूच्या ग्रिलवर पालथी घातली. कुंडीला बुडाशी भोक असतं, हे पूल बांधणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नाही. पहिली रोटी त्या भोकातून आत उतरली. दुसरीच्या वेळी कुंडी फुटली. आवाज ऐकून शेजारी बाहेर आला, काकांना पाहून त्यानं आधी टोपी काढली आणि मग काय झालं ते विचारलं.

शेवटी डोरिसनं आपला तवा, लाटणं आणि काठी दिली. कणीक काकूंच्या पद्धतीची, पण हातावर झुलवणं काही जमेना. म्हणून ती थोडी घट्ट करून खाचांच्या लाटण्यानं लाटली. जे झालं ते मोठं, पातळ, मऊ झालं. लांब नव्हतं. गोल होतं.

चौदा एप्रिलला बाहेर अजून बर्फ होतं. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. जेवायला अलका, एरिक, सुजाता आणि मी. काका तव्यापाशी. अलकानं रश्श्यात बुडवून पहिला घास खाल्ला. डोळे पुसले आणि पुन्हा खायला लागली.

सुजातानं मात्र रोटीला लोणी लावलं, वर साखर भुरभुरवली, गुंडाळली आणि चावा घेतला. "आजोबा! यू मेड लेफ्सा!"

आम्ही सगळे थबकलो. प्लंबर, शेजारी, पाद्री, काकांच्या तावडीतून कुणाची सुटका झाली नव्हती. अलका घाईघाईनं म्हणाली, "नो बेटा, धिस इज नॉट..."

काकांनी तिला हातानंच थांबवलं.

"खाऊ दे तिला," ते म्हणाले. "बस खाऊ दे."

सुजातानं बोटांवरची साखर चाटली आणि ताटली पुढे केली. "मोअर!"

"आणतो, बेटा. आणतो अजून," काका म्हणाले आणि काठी घेऊन तव्याकडे वळले. बराच वेळ ते आमच्याकडे पाठ करूनच उभे होते.