डायरेक्टरची ओळख

हॉस्पिटलात डॉक्टरपेक्षा ओळख मोठी, यावर जगदीश रामटेके यांची नितांत श्रद्धा! नागपुरात असताना त्यांनी कंपाउंडरच्या साडूच्या ओळखीवर सख्ख्या मामाचा एक्स-रे रांगेशिवाय काढून आणला होता. हाताचा काढायचा तो पायाचा निघाला, ही गोष्ट वेगळी. पण निघाला रांगेशिवाय! इंग्लंडातल्या मेडनहेडला येऊन वीसेक वर्षं झाली, सॉफ्टवेअरमध्ये केस पिकले, तरी ही श्रद्धा जशीच्या तशी होती.

त्यांच्या बायकोच्या, वैभवीच्या, पित्ताशयात खडे झाले होते. कळ आली की बिचारी पोट आवळून पलंगाच्या कडेला बसायची आणि घामाने भिजून जायची. महिनोन्‌महिने वाट पाहून मिळालेली पहिली तारीख बेड नाही म्हणून ऐनवेळी रद्द झाली. तेव्हा ती कार पार्कमध्ये रडली होती. आज दुसरी तारीख होती. आसपासच्या चार-पाच गावांचं मिळून एक जनरल हॉस्पिटल, तिथल्या डे सर्जरी वॉर्डात ती गाउन घालून बसली होती.

नर्सने आल्याआल्या बजावलं, "आज ऑपरेशन, संध्याकाळी घरी. पण घरी नेणारं, रात्रभर सोबत राहणारं जबाबदार माणूस आम्हाला समोर दिसायला हवं. आत नेण्याआधी मी त्यांच्याशी बोलणार. माणूस नसेल तर ऑपरेशन नाही. पुढचा पेशंट घेऊ."

"मी आहे ना!" जगदीशरावांनी छातीवर हात ठेवला.

नर्स गेली आणि पाच मिनिटांत जगदीशराव चुळबुळायला लागले. "कोणाची ओळखच नाही इथं. पुन्हा रद्द केलं तर? जरा खाली चक्कर मारून येतो."

"अहो, नका ना जाऊ कुठे," वैभवी म्हणाली. तिचे हात गार पडले होते.

"तू काहून घाबरून राहिली? हा गेलो अन्‌ हा आलो!"

"बाबा, इथेच बस," मुलगी ऋजुता म्हणाली. तिचा जन्म इथलाच, त्यामुळे तिच्या मराठीत सगळं जगच पुल्लिंगी. "नर्स काय बोलला ऐकला ना? मी सेव्हन्टीन आहे, मी काउंट नाही होत!"

पण जगदीशराव निघालेसुद्धा. पिशवीत संत्रा बर्फीचा डबा होता. असा डबा जवळ असला की माणसाला धीर येतो.

खालच्या मजल्यावर त्यांना घबाड सापडलं! सुटाबुटातले सात-आठ जण, गळ्यात बिल्ले, आणि मधोमध ताडमाड उंच, टकलू गृहस्थ. बाकीचे त्यांना अदबीने भिंती दाखवत होते. ज्याला भिंतीसुद्धा अदबीने दाखवतात तो माणूस लहान असेल का?

"सर, आपण?" जगदीशरावांनी हात पुढे केला.

"मी यान. रीजनल हॉस्पिटलचा डायरेक्टर."

डायरेक्टर! जगदीशरावांच्या अंगावर काटा आला. कुठल्या हॉस्पिटलचा, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. ज्या हॉस्पिटलात उभे आहोत त्याचाच, दुसरं काय! त्यांनी डबा काढला. "माझी मिसेस वर डे सर्जरीत आहे."

"अरे वा! पेशंटच्या घरचे? मग चला आमच्याबरोबर. तुमचं मत फार महत्त्वाचं आहे."

बरोबरच्या इंग्रज साहेबांना वाटलं, हा यानसाहेबांच्या पाहुणेमंडळींबरोबर आला असेल. पाहुण्यांना वाटलं, यजमानांनीच बोलावला असेल. त्यामुळे कोणीच काही विचारलं नाही आणि सगळी वरात लिफ्टने तळघरातल्या मीटिंग रूममध्ये शिरली. तिथे फोनला रेंजचा पत्ता नव्हता. जगदीशरावांनी फोन पाहिलाच नाही.

यानसाहेब बोलायला उभे राहिले. "आमच्याकडे आधी घरचा डॉक्टर. त्याने पाठवलं तरच हॉस्पिटल. बाळंतपणं, मोडलेली हाडं, रोजची ऑपरेशनं आमच्यासारख्या रीजनल हॉस्पिटलात, लोकांच्या घराजवळ. फारच गुंतागुंत असेल तर युनिव्हर्सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलात."

पडद्यावर हॉस्पिटलचा फोटो आला. समोर कालवा आणि शेकडो सायकली. 'मागची बाजू असेल,' असं म्हणत जगदीशरावांनी मान डोलावली.

तेवढ्यात यानसाहेब शेजारच्या बाईंच्या कानात काहीतरी कुजबुजले. बाई बाहेर गेल्या. आणि थोड्याच वेळात छतातल्या स्पीकरमधून आवाज आला, "मिस्टर रामटेके यांनी ताबडतोब डे सर्जरीला यावं!"

झालं! जगदीशरावांचा ऊर भरून आला. याला म्हणतात ओळख! साहेब नुसते कुजबुजले आणि नाव थेट छतातून पुकारलं गेलं! अशा वेळी लगेच पळणं बरं दिसत नाही. त्यांनी चहाचा आणखी एक घोट घेतला. बाई परत आल्या त्या कॉफीची किटली घेऊन, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"तुम्ही दोन शब्द बोला ना," यानसाहेब म्हणाले.

दोन? जगदीशराव उभे राहिले ते बोलतच सुटले! "असं हॉस्पिटल मी जगात पाहिलं नाही! काय स्वच्छता! काय नर्सेस! सगळं श्रेय या डायरेक्टरसाहेबांना!" इंग्रज साहेब एकमेकांकडे बघायला लागले.

"मिस्टर रामटेके, शेवटची सूचना! ताबडतोब डे सर्जरीला यावं!"

स्पीकरचा आवाज या खेपेला कडक होता. जगदीशराव हसून म्हणाले, "सर, आता तुम्हीच वर एक शब्द टाका. म्हणावं, रामटेके माझ्याजवळ बसलेत, पाच मिनिटं थांबा."

"मी?" यानसाहेबांच्या भुवया टकलाकडे चढल्या. "मला इथे कोण ओळखतो? माझं हॉस्पिटल हॉलंडमध्ये आहे!"

खोलीत कोणीतरी खोकलं. जगदीशरावांच्या पायाखालची जमीन सरकली. छतातून आलेलं बोलावणं मानाचं नव्हतं. तिकडे त्यांच्या बायकोचा नंबर हातचा चालला होता!

"अरे बाप्पा!"

ते पळाले! लिफ्ट येईना. जिन्याने वर गेले तर बाळंतपणाच्या वॉर्डात निघाले, तिथल्या आयाबायांनी हाकललं. उजवीकडे वळले तर एक्स-रे. डावीकडे वळले तर पुन्हा एक्स-रे! डोळ्यांपुढे गाउनमधली वैभवी दिसत होती, तिचे गार हात दिसत होते. आता पुन्हा महिनोन्‌महिने ती त्या पलंगाच्या कडेला बसणार, आणि तेही आपल्यामुळे! बावन्न वर्षांचा तो माणूस पळता पळता रडकुंडीला आला.

वॉर्डात पोचले तर बेड रिकामा! चादरसुद्धा बदललेली!

"गेली?" ते दारातच मटकन खाली बसले. "दुसरा पेशंट घेतला?"

"तुम्ही कोण?" नर्सने विचारलं. आता दुसरी नर्स ड्यूटीवर होती. "मिसेस रामटेके आत आहेत, थिएटरमध्ये. त्यांचं माणूस इथे बसलंय. एका पेशंटमागे एकच मोठं माणूस. तुम्ही बाहेर थांबा."

खुर्चीत त्यांच्या घराशेजारी राहणाऱ्या शशीताई बसल्या होत्या, घरच्या चपला घालून! बाप सापडेना म्हणून ऋजुताने त्यांना फोन केला होता आणि त्या गॅस बंद करून तशाच टॅक्सीत बसल्या होत्या.

"असू द्या हो सिस्टर," शशीताई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या ओळखीचे आहेत."

त्या ओळखीवर जगदीशरावांना भिंतीलगत उभं राहायची परवानगी मिळाली.

"बाबा, आई फार रडला," ऋजुता म्हणाली.  जगदीशरावांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुपारी वैभवीला बाहेर आणलं. ऑपरेशन उत्तम झालं होतं. तिने डोळे उघडले आणि विचारलं, "कुठे होता हो तुम्ही?"

"खालीच होतो गं," जगदीशराव पुटपुटले. "तुझ्याचसाठी."

नर्स गोळ्यांची पिशवी घेऊन आली. "गोळ्या कधी द्यायच्या, रात्री काय बघायचं, हे एकदाच सांगते, नीट ऐका. जबाबदार माणूस कोण?"

जगदीशरावांनी चटकन हात वर केला. वैभवीने उशीवरची मान जेमतेम वळवली, त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि सलाइन लावलेल्या हाताने शशीताईंकडे बोट दाखवलं.