लाभार्थ्याचा उजवा हात

श्रीवर्धनच्या माधव सोमणांचा उजवा हात पक्षाघाताने गेला आणि त्याच महिन्यात सरकारी दवाखान्यात मेंदूला बाहेरून चुंबकाचे हलके ठोके देणारे यंत्र आले. डोके उघडायचे नाही, सुई टोचायची नाही. गेलेली हालचाल परतायला मदत होते म्हणे. योग इतका जुळला, तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती.

यंत्र हिरव्या कापडाखाली, लाल फितीत बांधलेले होते.

"पहिल्या काही महिन्यांतच जास्त फायदा होतो," डॉ. राही म्हणाल्या. "व्यायामासोबत लगेच सुरू करायला हवं."

"मग करा की!" माधवरावांच्या पत्नी गोदूवहिनी म्हणाल्या. "ह्यांना अडकित्ता धरवत नाही हो. सुपारी मी कातरून दिली, तर नुसती हातात धरून रडतात."

दवाखान्याचे लिपिक शुभम यांनी वरून आलेले परिपत्रक पुढे केले. उद्घाटनापूर्वी यंत्र वापरू नये. उद्घाटन लाभार्थ्याच्या हस्ते व्हावे. लाभार्थी म्हणजे सदर यंत्राने ज्याचा हात बरा झाला तो. फीत त्याने त्याच हाताने कापावी.

"अहो, पण यंत्र लावल्याशिवाय हात बरा कसा होणार?"

"तसं वर लेखी विचारलंय, काकू."

वरून पाच महिन्यांनी उत्तर आले: लाभार्थी तातडीने उपलब्ध करावा.

शुभम कर्तव्यदक्ष होते. सोमणांच्याच वाडीत सुपारीवर चढणाऱ्या सदाला त्यांनी खाली उतरवले.

"माजा हात धड हाय, सायेब!"

"म्हणूनच तर. किती छान बरा झालाय!"

समारंभ थाटात पार पडला. सदाने फीत कापली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माधवराव पहिल्या रांगेत होते. त्यांनी डावा हात मांडीवर आपटून पाहिला, पण टाळी वाजली नाही. उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण झाल्याने दुसऱ्या दिवशी यंत्राला नवी फीत बांधून दिघीच्या फेरीबोटीने पलीकडच्या तालुक्यात रवाना करण्यात आले.

शुभमनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सदाचा फोटो टाकला. त्याला दोनशे बारा अंगठे आले. एक माझा होता, एखादा तुमचाही असेल. त्याखाली गोदूवहिनींनी विचारले होते, "ह्यांच्या हाताचं काय?"

तोवर आपण पुढच्या फोटोवर गेलो होतो. आपले अंगठे, देवाच्या दयेने, अजून व्यवस्थित चालतात.