पुठ्ठ्याचा कंप्युटर

"चपला भाईर, मॅडम!"

शिपाई गोरक्ष कंप्युटरच्या खोलीच्या दारात आडवा उभा होता आणि वृषाली मॅडमच्या कपाळाची शीर तडतडत होती. साल शहाण्णव. भिंगारहून रोज एसटीचे धक्के खात मॅडम सोनईच्याही पुढच्या या कॉलेजात यायच्या, त्या कंप्युटर शिकवायला. आणि विद्यापीठाने दिलेला एकुलता एक कंप्युटर आठ महिने मखमली अभ्र्याखाली झोपा काढत होता! प्राचार्य आप्पासाहेबांचा हुकूमच होता, पोरांनी हात लावायचा नाही.

"चपला काढते बाबा, पायही धुते. पण पोरांना आत सोड."

"पोरं न्हाईत. मातीचं हात हायेत त्येंचं. सायबांनी बजावलंय मला."

मॅडम तणतणत आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. "सर, उद्या विद्यापीठाची समिती येतेय. मुलांना कंप्युटर येतो असं दिसलं तरच आणखी पाच मिळणार. आणि आपल्या मुलांनी अजून एक बटण दाबलेलं नाही!"

"मॅडम, वस्तू जपावी लागते. आमच्या घरी या, टीव्हीवरचा प्लॅस्टिकचा कागद दहा वर्षं झाली, अजून काढलेला नाही. उद्या समितीसमोर मी स्वतः चालू करतो की! तुम्ही फळ्यावर शिकवा. फळ्याला कुणी नको म्हटलंय?"

फळ्यावर तर त्या शिकवतच होत्या, दुसरं करणार काय? बुटांची खोकी कापून पोरांनी पुठ्ठ्यांवर कीबोर्ड काढले होते. त्यांच्यावर बोटं आपटून आपटून पुठ्ठे काळे पडले होते. ते पाहिलं की मॅडमना आप्पासाहेबांच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटे.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तीन माणसं. हारतुरे, शाल, नारळ, भाषण यात तास गेला. मग सगळे अनवाणी खोलीत गेले. आप्पासाहेबांनी अभ्रा उचलला, हळद-कुंकू वाहिलं आणि बटण दाबलं. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. तेवढ्यात कीबोर्डच्या फटींतून मुंग्यांची रांग बाहेर पडली, मागोमाग दुसरी. समितीतल्या एकाने मागून कंप्युटरच्या डब्यात डोकावून पाहिलं आणि तो झटकन मागे सरला. आत वारूळच झालं होतं.

"गोरक्ष! हे काय रे?" आप्पासाहेब ओरडले.

"साखर, सायेब. दर गुरवारी निवद दावत हुतो. तुमीच म्हनला हुतात, देवावानी जप."

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. ते मॅडमच्या कानाशी आले. "मॅडम, काहीतरी करा! इज्जतीचा पंचनामा झाला."

'आता आठवल्या होय मॅडम!' त्या मनातल्या मनात पेटल्या. चांगलं तोंडावर सुनावावं असं वाटत होतं. पण पाच कंप्युटरचा प्रश्न होता आणि पोरं बाहेर व्हरांड्यात आशेने उभी होती. त्यांनी राग गिळला. "दीपा, पुठ्ठा आण तुझा."

समितीच्या अध्यक्षांनी दीपाला गणित घातलं. तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढायचा प्रोग्रॅम. दीपा फरशीवर मांडी घालून बसली. एकेका बटणाचं नाव घेत तिची बोटं पुठ्ठ्यावर धावू लागली. मध्येच ती थबकली.

"थांबा सर, चुकलं. एरर आला."

"कुठे आला?"

"तिसऱ्या ओळीत, सर. कंस लावायचा ऱ्हायला." तिने कंस लावला, पुन्हा एंटर दाबलं. "आता झालं. चौपन्न, एकसष्ट, एकाहत्तर. सरासरी बासष्ट."

अध्यक्ष खुर्चीतून उठले. "कमाल आहे! मॅडम, हे शिकवलंत कसं?"

"नाइलाजाने शिकवलं, सर!" मॅडमचा बांध फुटलाच. "आठ महिन्यांत या मुलांना खऱ्या कंप्युटरला हात लावू दिलेला नाही. लिहून घ्या तुम्ही हे!"

अध्यक्षांनी अक्षरशः लिहून घेतलं. मॅडमना वाटलं, आता आप्पासाहेबांची खैर नाही. त्या दिवशी एसटीत त्यांना कित्येक महिन्यांनी खिडकीबाहेरचा ऊस हिरवा दिसला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. आप्पासाहेबांनी सगळ्या कॉलेजला पटांगणात बसवून ते खणखणीत वाचलं. "संगणकाविना संगणकशिक्षणाचा हा आदर्श प्रयोग आहे. या विद्यार्थ्यांना यंत्राची गरज राहिलेली नाही, हे समितीने प्रत्यक्ष पाहिले. सबब नवीन पाच संगणक, तसेच महाविद्यालयाकडील जुना संगणक दुरुस्त करून, अन्य गरजू महाविद्यालयांस देण्यात यावेत."

टाळ्या सुरू झाल्या. आप्पासाहेबांनी खूण केल्याबरोबर गोरक्षने मॅडमच्या खांद्यावर शाल टाकली.

"सर, शाल कसली घालताय?" मॅडम म्हणाल्या. "गेलं की सगळं!"

"अहो, आदर्श म्हटलंय! नशीब लागतं त्याला."

तेवढ्यात विद्यापीठाचा टेम्पो दारात आला. ड्रायव्हर म्हणाला की संध्याकाळच्या आत पुढे पोचायचंय. आप्पासाहेबांनी खोली उघडली आणि व्हरांड्यातल्या पोरांकडे वळून ते खेकसले, "अरे, बघत काय उभे राहिलात? जड आहे तो. या आत, लावा हात!"

दीपाने सवयीने चपला काढल्या आणि दोन्ही हातांनी कंप्युटर उचलून टेम्पोत ठेवला.