दातांच्या दवाखान्यातला पक्षी

"यंदा वहिनींच्या वाढदिवसाला बाजारातलं काही नाही! मी स्वतःच्या हाताने भरलेला उशीचा अभ्रा देणार!" काकूंनी जेवता जेवता जाहीर करून टाकलं आणि काकांचा घास हातातच राहिला.

काका घाबरले यात नवल नव्हतं. वहिनी म्हणजे काकूंच्या थोरल्या जाऊबाई. भरतकामात त्यांचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं आणि कौतुक करण्यात त्यांच्याइतकं चिक्कू माणूस शोधून सापडलं नसतं. लग्न होऊन आल्यापासून काकूंनी काय काय करून दाखवलं, पण वहिनींची गाडी "ठीक आहे"च्या पुढे कधी सरकली नाही. एकदा तरी त्यांनी मनापासून "वा!" म्हणावं, एवढाच काकूंचा ध्यास होता.

पण नमुना कुठून आणायचा? काकूंनी मोबाईल पालथा घातला. गुलाब आवडला की फुलपाखरू खुणावायचं, फुलपाखरू ठरलं की वेलबुट्टी आडवी यायची! लायब्ररीतून पुस्तकांचा गठ्ठा आणला, शेजारणींच्या पलंगपोसांवर डोळा ठेवला. रिंगेत ताणलेलं कापड मात्र कोरंच्या कोरं. आणि नेमकी तेव्हाच काकांची दाढ ठणकायला लागली.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत काकूंनी सहज मान वर केली आणि त्यांचा श्वासच अडकला. दात घासण्याच्या तक्त्याशेजारी, काचेच्या फ्रेममध्ये, फांदीवर एक पक्षी बसला होता. दोऱ्याने भरलेला! पीसन् पीस सुटं दिसत होतं. छातीवरचा पिवळा रंग कुठे संपून पांढरा कुठे सुरू झाला, ते डोळे फोडून पाहिलं तरी कळेना. जोरात बोललं तर उडून जाईल की काय, असं वाटून काकू चक्क कुजबुजल्या, "अहो, हे माणसाने केलंय?"

"मूग गिळून बस गं," काका गाल धरून कण्हले. "इथे माझा जीव चाललाय!"

सगळ्यात कमाल होती ती एका पानाची. बाकी सगळी पानं हिरवी आणि एकच पान ना निळं ना राखाडी. काकू थक्क! काय ती नजर! सगळी हिरवळ एका पानाने जागी केली होती. असलं धाडस करायला जातीचा कलावंतच हवा.

फोटो काढला, तर काचेत पक्ष्याऐवजी काकूच उमटल्या. मग दुसऱ्या दिवसापासून काकूंचे दात दुखायला लागले.

"कुठला दात?" रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं.

"कधी हा, कधी तो!"

आपला नंबर आला की काकू शेजारच्याला पुढे ढकलायच्या. "तुम्ही जा हो आधी, मला मुळीच घाई नाही." पेशंट भारावून जायचे, केवढं हे मोठं मन! रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं, बाई सुईला घाबरतात. तिने काकूंचा हात हातात घेतला. "काकू, सुईचं काही वाटत नाही हो."

"मला नाहीच वाटत! रोज चार तास हातात असते!" काकू म्हणाल्या. मुलीने घाबरून हात सोडला.

पक्षी भरून होत आला, पण त्या पानाचा रंग काही मिळेना. दोऱ्यांची दुकानं पालथी घातली. रोज पर्समधून नव्या लडी आणून काचेला लावून बघायच्या आणि रोज हात हलवत परत. एका संध्याकाळी काका ऑफिसातून थेट त्यांना न्यायला आले. काकूंनी फ्रेमकडे पाहिलं, काकांच्या टायवरच्या, रेशमी दोऱ्याने भरलेल्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि टाय धरून काकांना ओढत भिंतीपर्यंत नेलं.

"अगं, गळा! गळा!"

"हलू नका! हाच! अगदी हाच रंग!"

एक पेशंट उठून मध्ये पडला. रात्री टायवरचे ठिपके गेले आणि अभ्र्यावर पान आलं.

वाढदिवसाच्या दिवशी, जाता जाता एकदा ताडून बघावं म्हणून काकांना दाराशी उभं करून काकू अभ्रा घेऊन पुन्हा दवाखान्यात शिरल्या. त्या दिवशी नेमकं दुसरं कोणीच नव्हतं. पुढे ढकलायचं कोणाला? अभ्रा काकांबरोबर पुढे पाठवून मुकाट्याने खुर्चीत बसावं लागलं. डॉक्टरांना एकदाची एक खाच सापडली, त्यांनी जबडा बधीर केला आणि काम करता करता गप्पा सुरू केल्या.

"बाहेरचं चित्र फार बघता म्हणे. मीच भरलंय ते."

"आँ!" काकूंचे डोळे विस्फारले. हे राकट हात? आणि तो पक्षी? काकूंना खुर्चीतून उठून त्यांना नमस्कार करावासा वाटला, पण तोंडात नळी होती.

"कॉलेजात असताना हात स्थिर व्हावा म्हणून शिकलो. पण ते एक पान फसलं बघा. हिरवा दोरा संपला, दुकान बंद. आईच्या डब्यात जो सापडला तो घातला. आजही बघवत नाही मला."

"आँऽऽ?"

"दुखतंय का?"

आता उसवायला वेळ नव्हता. अभ्रा घेऊन काका थेट वहिनींकडे पोचलेही होते. काकू पोचल्या तेव्हा सगळे जमलेले आणि अभ्रा वहिनींच्या मांडीवर. वहिनींनी चष्मा लावला. पिसांवरून बोट फिरवलं. मग अभ्रा उलटा करून मागचे टाके तपासले.

"पक्षी ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. काकूंचा चेहरा उतरला. मग वहिनींचं बोट त्या पानाशी येऊन थांबलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "पण हे पान! सगळ्या हिरव्यात हे एकच असं! वा गं वा! हे मला जन्मात सुचलं नसतं. कुठून सुचलं तुला?"

काकू खरं सांगायला गेल्या, पण बधीर जिभेतून नुसतं "ब-ब-ब" आलं.

"बघा, किती लाजतेय!" म्हणत वहिनींनी त्यांना सगळ्यांसमोर जवळ घेतलं.

जबडा त्याच रात्री मोकळा झाला. काकूंनी मात्र अजून तोंड उघडलेलं नाही.