चार भोकांचा डबा

आधीच सांगते, आमच्या घरातलं इंटरनेट कोण खातं हे शोधून काढणारी मीच, आणि ते मी प्लास्टिकच्या डब्याला चार भोकं पाडून शोधलं. ज्यांना हसू येतंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी अजून चिडलेली आहे आणि पुढे मधे मधे कुणी हसलेलं मला चालणार नाही.

आई रोज संध्याकाळी लॅपटॉपवरून मुलांना गाणं शिकवते. गेला महिनाभर मुलांच्या स्क्रीनवर तिचा चेहरा मधेच गोठायला लागला होता. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, सूर हवेत लटकलेला. पोरं त्याचे फोटो काढायची. एकीनं तर तो वर्गाच्या ग्रुपला लावला.

जेवताना दादानं निकाल देऊन टाकला. दादा कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो, म्हणजे बादली गळली तरी "सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे" म्हणतो.

"ही दिवसभर व्हिडिओ बघते. दुसरं काय?"

"मी भाषणाची तयारी करते!"

"आणि तू रात्रभर गेम खेळतोस ते?" हेही मी विचारलं असतं, पण तोंडात घास होता आणि तेवढ्यात बाबांनी दादाचंच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हटलं. बाबांचं नेहमीचं आहे हे. दादा पुटपुटतो, बाबा गरजतात.

"रविवारपर्यंत सुधारलं नाही तर तुझ्या खोलीची वायर कापणार," बाबा म्हणाले. "विषय संपला."

आता वायरीचं सांगायला हवं. बाबा इमारतींना वायरिंग करून देतात. जे वायरीतून येत नाही ते बाबांच्या लेखी येतच नाही. त्यामुळे आमच्याकडे वायफाय नाही. प्रत्येक खोलीत भिंतीतून एक वायर येते, आणि सगळ्या वायरी दाराबाहेर जिन्यातल्या मीटरच्या कपाटात जाऊन मिळतात. तिथे कंपनीचा डबा आहे, त्यातून एक मुख्य वायर निघते, ती स्विच नावाच्या छोट्या डब्यात जाते आणि तो सगळ्या खोल्यांना नेट वाटतो. हे सगळं बाहेर का? तर आईला हॉलमध्ये लुकलुकणारे दिवे चालत नाहीत.

आणि मंगळवारी माझी वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी होती. ऑनलाइन, घरून. आठवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा "ह" एवढंच म्हणायचे. आता मी बोलायला उभी राहिले की खाली बसवायला घंटा वाजवावी लागते. वायर कापली असती तर माझ्या जागी आमच्या शाळेची राखीव वक्त्री बोलली असती, जी "सन्माननीय परीक्षक" म्हणेपर्यंत परीक्षकांना डुलकी लागते. माझी फेरी, माझी मेहनत, आणि दादाच्या एका घासाबरोबर खलास? मी इतकी चिडले की त्या रात्री उशीसुद्धा माझ्यापासून लांब सरकली असेल.

मग ठरवलं. ओरडायचं नाही. पुरावा आणायचा.

त्यासाठी लागतो टॅप. नळ नव्हे. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात ना, तसं वायरीला कान लावायचं साधन. डब्यात चार सॉकेट. मुख्य वायर एका सॉकेटातून आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते. उरलेली दोन सॉकेटं म्हणजे दोन कान. एका कानाला घरात येणारं ऐकू येतं, दुसऱ्याला घरातून बाहेर जाणारं. कोण काय बोलतं ते मला नको होतं, कोण किती ओढतं तेवढंच हवं होतं. बाबांच्या सामानातून चार सॉकेटं आणि केबलचा तुकडा उचलला, आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली.

शनिवारी दुपारी बाबा कामावर, दादा झोपलेला, आईचा वर्ग संध्याकाळी. मी जिन्यात बसले, कपाट उघडलं, मुख्य वायर कचकन कापली आणि दोन्ही टोकं माझ्या डब्यात जोडली.

आतून आईचा आवाज आला. आधी सूर, मग शांतता, मग, "अरे देवा, आत्ता?"

तिनं जादा वर्ग ठेवला होता. मला कुणी सांगितलं होतं? या घरात मला काहीही कधीही कुणी सांगत नाही!

आणि माझं जोडकाम चुकलं होतं. केबलीत आठ बारीक तारा असतात, दोन दोनच्या जोड्या. केशरी जोडी शहाण्यासारखी शेजारी शेजारी बसते. हिरवी जोडी बसत नाही. तिच्या दोघींच्या मधे निळी जोडी घुसून बसलेली असते, बडबड्या मैत्रिणींच्या मधे बसवलेल्या मॉनिटरसारखी. मी हिरव्या शेजारी शेजारी खोचल्या होत्या. त्यामुळे नेट मेलेलं.

मी घाईघाईनं हिरव्या उपसत होते तेव्हा आत आईनं बाबांना फोन लावलेला, बाबांनी कंपनीला, आणि कंपनीतल्या बाईंनी सांगितलं, डबा बंद करून चालू करा. आईनं कंपनीच्या डब्याचं हॉलमधलं बटण दाबलं. नेमकी त्याच वेळी माझी हिरवी जागेवर बसली. नेट आलं.

"बघ, बंद करून चालू केलं की होतं," आई फोनवर म्हणाली.

माझ्या कामाचं श्रेय बटणाला! पण आधी पुरावा. पुरावा, पुरावा.

आमच्या दारातून कुणाला दिसू नये म्हणून मी वरच्या जिन्याच्या वळणावर लॅपटॉप घेऊन बसले आणि डब्यापासून तिथपर्यंत लांब वायर ओढली. पहिला कान लावला, घरात येणारं. दादाचा गेम दिसला. (झोपलेला होता म्हणे!) पण तोही फार ओढत नव्हता. माझा अंदाज चुकला म्हणून मला दादाचाच राग आला. मग वायर दुसऱ्या कानात खोचली, बाहेर जाणारं. आणि बघते तर काय, धरण फुटल्यासारखं घरातून काहीतरी बाहेर वाहत होतं. ते आईच्या मशीनमधून नव्हतं, दादाच्या नाही, माझ्या तर नाहीच, आणि बाबांकडे फक्त फोन. घरात आमच्याशिवाय पाचवंच कुणीतरी होतं, आणि त्याच्या गर्दीत आईचा सूर दारातच चेंगरत होता.

मी वायर उपटली आणि लॅपटॉप छातीशी धरून आईला दाखवायला आत पळाले. वायर जिन्यातच राहिली. टॅपही. कपाटही उघडं.

आणि बाबा लवकर घरी आले.

त्यांना दिसलं ते असं: आपल्या नेटच्या कपाटात चार भोकांचा अनोळखी डबा, आणि त्यातून एक वायर निघून सरळ वरच्या मजल्याकडे चाललेली. वरच्या मजल्यावर वरचे काका राहतात आणि त्यांचा कर्नल नावाचा कुत्रा. कर्नल आमच्या दाराबाहेरच्या कुंडीतल्या लिंबाच्या झाडाची वाट लावतो, यावरून बाबांचं नि काकांचं मागे इतकं वाजलं होतं की आईनं बाबांकडून वचन घेतलं होतं, आता त्या कुत्र्याचं नाव काढायचं नाही.

बाबांनी कुत्र्याचं नाव काढलं नाही. ते जिन्यातून गरजले, "चोर! खाली या!"

काका कर्नलला घेऊन खाली आले. "कोण चोर?"

"आमचं नेट वर ओढता? झाड पुरलं नाही?"

"तुमचं नेट? मी पेपर वाचतो हो! माझ्याकडे कॉम्प्युटरच नाही."

"मग ही वायर वर कशाला आलीय? हवा खायला?"

"ती वायर तुमची, डबा तुमचा, खोबरेल तेल तुमचं, आणि चोर मी?"

दादा डोळे चोळत आला. त्यानं डबा हातात फिरवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बाबा, हे प्रोफेशनल काम आहे."

खरं सांगते, त्या क्षणी मला गप्प राहावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा दादानं माझं कौतुक केलं होतं. पण काकांचा चेहरा लाल झाला होता, आणि न केलेल्या गोष्टीचा आळ आला की कसं होतं हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"डबा माझा आहे," मी म्हणाले.

मग मी जी बोलले! सन्माननीय परीक्षक समोर नव्हते हे दुर्दैव. अन्याय कसा झाला, पुराव्याशिवाय शिक्षा कशी सुनावली गेली, आणि एका मुलीनं कुणालाही दुखावेल असा एक शब्द न काढता शांतपणे सत्य कसं शोधलं, सगळं सांगितलं.

"सत्य काय ते सांग की," काका म्हणाले.

मी लॅपटॉप पुन्हा जोडला आणि स्विचमधल्या वायरी एकेक करून काढायला लागले. आईची काढली, वाहणं चालूच. दादाची काढली, तो ओरडला, वाहणं चालूच. माझी काढली, चालूच. शेवटी मागे काळ्या टेपनं गुंडाळलेली एक बारीक वायर उरली.

"ती राहू दे," बाबा घाईनं म्हणाले.

मी ती काढली. पूर थांबला.

सगळ्यांचे डोळे त्या वायरीमागून गेले. ती दाराच्या चौकटीवरून वर चढत होती आणि नावाच्या पाटीखाली संपत होती. तिथे स्क्रूसारखा दिसणारा एक काळा डोळा होता. कॅमेरा. दिवसरात्र झाडाचं चित्रण करून कुठल्याशा कंपनीकडे पाठवणारा, आणि अर्थात वायरीचा.

"अहो," आई म्हणाली. फक्त एवढंच. पण बाबा अर्धा फूट बुटके झाले.

"मी नाव कुठे काढलं त्याचं?" बाबा पुटपुटले. "एवढासा तर डोळा आहे. किती खाणार?"

"माझ्या कर्नलवर पाळत?" काका गरजले. "मग दाखवा काय दिसलं ते!"

"अजून बघितलं नाहीये," बाबा म्हणाले. "बघायला गेलं की अडकायचं. नेट हळू होतं ना."

मी भिंतीला डोकं टेकलं. 

पण आता काकांना बघायचंच होतं. बाबांनी वायर परत खोचली, फोन काढला आणि त्याच दुपारचं चित्रण लावलं. त्यात कुत्रा नव्हता. त्यात मी होते. जिन्यात मांडी घालून, हातात आईची कात्री. आणि त्या मेल्या कॅमेऱ्याला आवाजही होता.

"दादा म्हणजे एक नंबरचा ढ," मी फोनमधून स्वच्छ शब्दोच्चारात म्हणत होते. "आणि बाबा म्हणजे त्याचा लाऊडस्पीकर."

मग मी कात्री उचलली आणि चित्र गोठलं. कारण तिथे मी वायर कापली होती. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला. हुबेहूब आई.

काका इतके हसले की त्यांना जिन्यावर बसावं लागलं. दादानं त्या चित्राचा फोटो काढला. तो कुठे लावलाय ते मी सांगणार नाही.

निकाल आईनं दिला. कॅमेरा उतरवायचा. माझी वायर कुणी कापायची नाही, फेरी मी घरूनच बोलायची. मी जिंकले होते!

"मग झाडाकडे कोण बघणार?" बाबा म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पाळत चांगली ठेवते ती," बाबा म्हणाले. "लाऊडस्पीकरचं मत आहे."

म्हणून रविवारी संध्याकाळी मी जिन्यात बसून अंतिम फेरीचं भाषण कुंडीसमोर म्हणत होते. कर्नल आला. समोर बसला. अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत त्यानं कान टवकारून ऐकलं, आमच्या घरातल्या एकानंही कधी ऐकलं नाही असं. मला भरून आलं. मी थांबले आणि मान झुकवून म्हणाले, "धन्यवाद."

तो उठला, झाडापाशी गेला आणि माझ्याकडे बघत बघत पाय वर केला.