रकाना रिकामा सोडू नये

कुंदाबाईंच्या कुरडया-पापडांना हिरवा दाखला हवा होता. महिला मेळाव्यात पर्यावरणाला त्रास न देणाऱ्या उद्योगांना स्टॉल फुकट मिळणार होता आणि अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार होती. अकरा वर्षं हिंदी मुलखातल्या चेरीताल वस्तीत, घराच्या गच्चीवर कुरडया वाळवून ओळखीपाळखीत विकणाऱ्या कुंदाबाईंना एकदा तरी स्वतःच्या नावाची पाटी लावून बसायचं होतं.

कमी घाण करणारा धंदा हिरवा, मधला नारिंगी आणि फार घाण करणारा लाल, अशी सरकारची वर्गवारी. बुधवारी कुंदाबाई मोबाइलवर अर्ज भरायला बसल्या, तेवढ्यात त्यांचे यजमान रत्नाकरराव चष्मा पुसत आले.

"आण इकडे. सरकारी कागद आहे, पोरखेळ नाही."

रत्नाकररावांनी संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात चौतीस वर्षं काढली होती. तिथून ते एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक तत्त्व घेऊन निवृत्त झाले होते: रकाना रिकामा सोडायचा नाही. काही नसेल तिथे 'निरंक' लिहायची सोय सरकारनेच केली आहे. पण निरंक लिहिणारा माणूस कामचुकार, असं त्यांचं ठाम मत होतं.

'चिमणीची उंची' आली. ते टेप घेऊन गच्चीवर गेले आणि स्वयंपाकघराचा धूर नेणारा पाइप मोजून आले. सव्वीस फूट. मग 'बॉयलर' आला.

"तुझा कुकर किती लिटरचा गं?"

"पाच. पण त्याले बॉयलर काहून लिहून राहिले?"

"वाफ कोंडते ना? शिट्टी होते ना? मग?"

गहू भिजवलेलं पाणी 'उग्र वासाचे सांडपाणी, चाळीस लिटर' झालं. पापडखार 'रसायने' मध्ये गेला. आवाज मोजायला त्यांनी फोन वर धरला आणि नेमक्या त्याच वेळी कुंदाबाई ओरडल्या, "अहो, बस करा न जी!" अठ्ठ्याऐंशी डेसिबल. शेवटच्या 'तांत्रिक सल्लागार' या रकान्यात त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सावकाश, चवीने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वर्ग लाल. पाहणी होईपर्यंत उत्पादन बंद.

तीन दिवस भिजलेल्या गव्हाच्या पातेल्यावर कुंदाबाईंनी आवाज न करता झाकण ठेवलं आणि आत निघून गेल्या. रत्नाकररावांना फार वाईट वाटलं. अठ्ठ्याऐंशी डेसिबल परवडले असते.

शुक्रवारी दुपारी अनुपम नावाचा तरुण निरीक्षक हेल्मेट घालून दारात उभा राहिला.

"आंटीजी, फैक्टरी किधर है? बॉयलर देखना है।"

कुंदाबाईंनी कुकर पुढे केला. अनुपमने तो उघडून पाहिला. आत बटाटे होते.

"और ये सब लिखा किसने?"

रत्नाकरराव घड्याळाकडे बघू लागले. अनुपमने तळलेल्या दोन कुरडया खाल्ल्या, हसू दाबलं आणि जुना अर्ज रद्द केला. "पाँच बजे तक नया भर दीजिए।"

कुंदाबाई फोन घेऊन बसल्या. रत्नाकररावांना राहवेना.

"रकाना रिकामा सोडू नको बरं!"

"एकबी नाही सोडत जी."

सात मिनिटांत अर्ज गेला आणि संध्याकाळी हिरवा दाखला आला. रत्नाकररावांनी सवयीने तो वरपासून तपासला. चिमणी: निरंक. बॉयलर: निरंक. रसायने: निरंक. चूक काढायला जागाच नव्हती. शेवटची ओळ मात्र त्यांनी दोनदा वाचली. तांत्रिक सल्लागार: निरंक.

मेळाव्यात कुंदाबाईंच्या नावाच्या पाटीखाली गर्दी झाली. मागे बसून पिशव्यांना गाठी मारणाऱ्या म्हाताऱ्याला एका गिऱ्हाइकाने विचारलं, "अंकलजी, आप इसमें क्या हैं?"

रत्नाकररावांनी गाठ नीट ओढून तपासली.

"हम? निरंक।"